मान दुखते? आधी सायकलचे हँडल बघा

सायकल चालवून मान, खांदे भरून आले की आपल्या वस्तीत पहिला उपाय गोळीचा. ‘ताई, दुखण्यावरची एखादी गोळी द्या.’ मी आधी सायकल दाखवायला सांगते, कारण आपल्याकडे सायकल कुणाच्या मापाने येतच नाही. वडिलांची मुलाला, थोरलीची धाकटीला, नाहीतर योजनेतून मिळालेली सरसकट एका मापाची. दुखणे वाढले की ती भिंतीला टेकते, आणि विंझर-मार्गासनीकडच्या रस्त्याने शाळेला जाणाऱ्या मुलीला मग एसटीची वाट बघावी लागते. एसटी चुकली की शाळाही चुकली.

हँडल खाली आणि लांब असले की कंबरेतून वाकावे लागते. मान खाली घालून रस्ता दिसत नाही, म्हणून डोके मागे उचलावे लागते. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. तेवढे ओझे मानेचे स्नायू तासभर तोलून धरतात. अंगाचा भार तळहातांवर येतो, करंगळीच्या बाजूची नस दबते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. हँडल वर आणि जवळ आले की पाठ सरळ होते, भार हातांवरून बैठकीवर जातो.

पण सुरुवात सीटपासून करा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. सीट बसली की हँडल सीटच्या बरोबरीने किंवा दोन-तीन बोटे वर घ्या.

हँडल ज्या वाकड्या नळीवर बसते तिला दुकानात स्टेम म्हणतात. जुन्या काळ्या सायकलीत तो चिमट्याच्या नळीत खाली उतरलेला असतो. तिथे बहुतेक वेळा नवीन काही घ्यावेच लागत नाही. वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलका ठोका द्यायचा, म्हणजे आतली पकड सुटते. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवत वर घ्यायचे. आपल्याकडच्या पावसात ही नळी गंजून बसलेली असते. तेल सोडून रात्रभर ठेवा, आणि बसवताना ग्रीस लावा. स्टेमवर मर्यादेची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. खूण पुसली असेल तर निदान चार बोटे स्टेम आत हवा. त्याहून वर ओढला तर उतारावर हँडल हातात येईल, ही थट्टा नाही. दांडीचे ब्रेक असतील तर हँडलबरोबर दांड्याही वर ओढल्या जातात, त्या पुन्हा जुळवून घ्याव्याच लागतात.

एवढ्याने भागले नाही तर स्टेम बदलायचा: उंच नळीचा, पुढे कमी निघालेला. जुना स्टेम सोबत घेऊनच दुकानात जा. जाडी एका मिलिमीटरने चुकली तरी तो कितीही आवळला तरी धरत नाही.

गिअरच्या नव्या सायकलींत स्टेम चिमट्याच्या नळीला बाहेरून आवळलेला असतो. तो खाली झुकलेला असेल तर उलटा बसवला तरी हँडल थोडे वर येते. नाहीतर आखूड, वर उचललेला स्टेम किंवा उंची वाढवणारा जोड मिळतो. यात आधी वरचा बोल्ट बेताने आवळायचा, बाजूचे नंतर. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या.

घरी आणण्यापूर्वी दुकानातच तपासा. चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा, हलता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे करा, खडखड नको. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, वायर ताणली जाते का बघा.

सरळ बसल्यावर अरुंद सीट टोचू लागते, तेव्हा थोडी रुंद घ्या. समोरून वारा असला की दम जास्त लागेल, चढाला उतरून चालावे लागेल. मला तो सौदा परवडणारा वाटतो.

हँडल उचलून दोन आठवड्यांनीही बोटे बधिर राहिली, हाताची पकड ढिली झाली किंवा कळ कंबरेतून पायात उतरू लागली, तर सायकलीशी खेळत बसू नका. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी जा.