मायक्रॉनच्या मुलखातील पाणी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, म्हणजे मायक्रॉन, हे माप कामगारांच्या तोंडी बसलेले आहे. ज्या मुलखात एखादा जॉब पाच मायक्रॉनांनी जास्त भरला म्हणून तपासनीस तो बिनदिक्कत नामंजूर करतो, त्याच मुलखात, पवना-इंद्रायणीकाठच्या डबक्यांत आणि मोशीकडील दगडखाणींत साचलेल्या पाण्यात, याच मापाने मोजावी अशी एक सजीव सृष्टी नांदत असताना तिच्या दर्शनाचा छंद अगदी थोड्यांनाच असावा, याचे मला नवल वाटते.

या छंदाचा सरंजाम बेताचाच आहे. महाविद्यालयांत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि ड्रॉपर एवढ्यावर काम भागते. दहापट नेत्रिकेला चार, दहा आणि चाळीसपट वस्तुभिंगांची जोड मिळाली की चाळीसपासून चारशेपटींपर्यंत मजल जाते. पाणी मात्र पारखून घ्यावे. नितळ पाणी नवशिक्याची निराशा करते. उलट, जिच्या नावाने दोन्ही नद्यांच्या काठी बोटे मोडली जातात त्या जलपर्णीची मुळे बाटलीत पिळली, की उतरलेल्या गढूळ पाण्याच्या एका थेंबात जीवांची दाटी आढळते. (हातमोजे घालावेत, या नद्यांत काय काय सोडले जाते हे येथील रहिवाशांना सांगायला नको.)

बहुधा पहिली गाठ पडते ती पॅरामिशियमची. सुमारे पाव मिलिमीटर लांबीचा हा एकपेशीय जीव अंगभरच्या पक्ष्माभिकांच्या, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या, बळावर सेकंदाला मिलिमीटरभर अंतर तोडतो, आणि चारशेपटींवर दृष्टिक्षेत्राचा व्यासच अर्ध्या मिलिमीटरहून कमी असल्यामुळे, दिसला म्हणेपर्यंत हद्दपार होतो. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू घालून त्याची नाकेबंदी करावी लागते. माझा पक्षपात मात्र व्हॉर्टिसेलाकडे आहे. लांब देठावर उलटी घंटा बसवावी तसा त्याचा आकार असून, घंटेच्या तोंडावरील पक्ष्माभिकांचे कडे पाण्यात भोवरा उठवून जीवाणू आत ओढत असते. सूक्ष्मदर्शकाला जरासा धक्का लागला, की काही सहस्रांश सेकंदांत देठाचे वेटोळे होऊन घंटा तळाशी जाते आणि मग, काही घडलेच नाही अशा ऐटीत, देठ सावकाश उलगडतो. हे आकुंचन स्नायूंचे नव्हे. देठातील एक प्रथिनतंतू कॅल्शियममुळे आखडतो, त्याचा हा प्रताप.

हा जीव केवळ शोभेचा नाही. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रिय गाळाच्या पद्धतीत, हवा खेळवून पोसलेले जीवाणू सांडपाण्यातील घाण फस्त करतात, आणि व्हॉर्टिसेलासारखे देठधारी जीव उरलेले मोकाट जीवाणू गिळून पाणी नितळ करतात. म्हणूनच कारखान्याच्या ‘ईटीपी’वरील, म्हणजे सांडपाणी-प्रक्रिया केंद्रावरील, जाणता केमिस्ट टाकीतल्या गाळाचा थेंब अधूनमधून भिंगाखाली धरतो, व्हॉर्टिसेलांचे झुपके दिसले तर गाळ रुळला असे समजावे, ते एकाएकी नाहीसे झाले तर प्राणवायू घटला किंवा एखादे विषारी द्रव्य आत शिरले असा संशय घ्यावा, आणि हे सारे बीओडीच्या (जैविक प्राणवायू-मागणीच्या) तीन दिवसांच्या चाचणीचा निकाल दप्तरी दाखल होण्याच्या आत.

थेंबात डोकावण्याचा हा छंद तसा जुनाच. रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला त्याच 1674 साली, हॉलंडातील डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने जवळच्या तळ्यातील सूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेला हा गृहस्थ वाळूच्या कणाशी तुलना करून जीवांची मापे ठरवीत असे. मोजमापाचा हात बसलेल्या कारागिराला ही विद्या लवकर वश होते, असे माझे मत त्याच्यामुळेच बनले आहे.

डायाटम या शैवालाच्या बाबतीत तर मोजल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. त्याच्या सिलिकामय कवचावर समांतर रेषा कोरलेल्या असतात, आणि दहा मायक्रॉनांत त्या किती बसतात ही जात ओळखण्याची एक मुख्य खूण होय. विसाव्या शतकाच्या मध्यास हे. पृ. गांधी यांनी कोल्हापूर परिसरातील डायाटमांचा अभ्यास केला, तो याच चिकाटीच्या बळावर. प्लुरोसिग्मा अँग्युलेटम या जातीत दहा मायक्रॉनांत अशा सुमारे वीस रेषा भरतात, त्यामुळे त्या सुट्या दिसतात की नाही यावरून एकोणिसाव्या शतकापासून वस्तुभिंगांचा कस पाहिला जातो. टूलरूममध्ये मास्टर गेजचे काम असते, तेच हे. मात्र ही जात खाऱ्या-मचूळ पाण्यातली असल्याने भोसरीच्या तळ्यात तिचा शोध घेण्यात अर्थ नाही. तयार काचपट्टी विकत आणावी.