फिरता भिडू

दोन कोर्ट, आठ माणसं आणि सकाळचे दोन तास. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये रविवारचा हिशेब साधारण असाच असतो. डॉक्टर दवाखाना उघडण्याआधी येतात, सर शाळेला सुट्टी म्हणून येतात, पेठेतले शेठ दुकानाची वेळ व्हायच्या आत येतात आणि बँकेतल्या मॅडम मुलं उठायच्या आधी घरातून निघालेल्या असतात. सुरुवातीला सगळे सगळ्यांबरोबर खेळतात. महिन्याभरात जोड्या ठरून जातात. आणखी महिन्याने एक जोडी हरतच नाही आणि एक जोडी जिंकतच नाही, अशी वेळ येते. नवखा कुणी आलाच तर तो भिंतीकडेच्या बाकावर बसून राहतो, कारण त्याला बाजूला घेऊन हरायची कुणाची तयारी नसते. चार रविवार तो वाट बघतो. पाचव्या रविवारी येत नाही.

हौशी गट असेच विरत जातात. भांडण होत नाही, शब्दाने शब्द वाढत नाही, फक्त माणसं गळत जातात.

यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक सामन्याला भिडू बदलायचा आणि गुण मात्र ज्याचे त्याच्या नावावर मांडायचे. पॅडल या खेळात ही पद्धत ‘अमेरिकानो’ नावाने रूढ आहे. पॅडल १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे जन्मला. एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरी भिंतींनी वेढलेलं कोर्ट बांधलं आणि पुढे तो स्पेन-अर्जेंटिनात घरोघर पोहोचला. आता मुंबई-पुण्यातही त्याची काचेच्या भिंतींची कोर्ट उभी राहिली आहेत. पण अमेरिकानोला काचेची भिंत लागत नाही. चौघं मिळून जो रॅकेटचा खेळ खेळतात, त्या कुठल्याही खेळात ती चालते.

पद्धत अशी. सामना ठरावीक गुणांचा, समजा एकूण 24. सामना 14-10 असा संपला, तर जिंकणाऱ्या दोघांच्या नावावर प्रत्येकी 14 आणि हरणाऱ्या दोघांच्या नावावर प्रत्येकी 10 गुण चढतात. पुढच्या फेरीत जोडी वेगळी. शेवटी ज्याची बेरीज मोठी तो पहिला. यात हरलेल्याचे दहा गुण वाया जात नाहीत, आणि सगळी मौज तिथेच आहे. 5-18 असा डाव गेला असतानाही उरलेला एक गुणही लढवावासा वाटतो. बाद फेरीच्या स्पर्धेत निम्मी माणसं पहिल्या तासाभरात पिशवी उचलून घरी जातात. इथे शेवटच्या फेरीपर्यंत कुणीच बाहेर पडत नाही.

कृष्णाकाठच्या माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. गल्लीत गडी पाडताना मुलं आजही हेच करतात. साधारण एकाच ताकदीचे दोघे बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवून येतात आणि दोन्ही कप्तानांसमोर उभे राहून विचारतात, ‘चंद्र घेणार का सूर्य?’ आपण कुणाला उचलतोय हे कप्तानाला कळत नाही, म्हणून दोन्ही बाजू आपोआप समतोल होतात. आणि फारच लहान एखादा असला, तर त्याला लिंबूटिंबू म्हणून दोन्हीकडून खेळवतात. मोठेपणी हे सगळं विसरून माणसं ‘माझा पार्टनर ठरलेला आहे’ असं सांगायला लागतात, हे खरं नवल.

कुस्तीच्या मैदानात तर जोड लावणं हीच कला मानली जाते. सातारा-सांगलीच्या गावजत्रांत पंच पैलवानांची उंची, वजन, अंगलट आणि तालीम बघून जोड ठरवतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत हेच चालतं. विजोड कुस्ती लावली तर प्रेक्षकच ओरडा करतात. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. याच मातीत ते घडले. तेव्हा बरोबरीचा सामना लावण्यासाठी डोकं चालवावं लागतं, हे या भागाला शिकवायची गरज नाही.

बॅडमिंटनशी असलेलं नातंही जुनंच. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळ खेळत आणि त्याला काही काळ ‘पूना’ हेच नाव होतं. पुढे भारताला या खेळातलं पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा माणूस जन्मला सांगलीत. नंदू नाटेकर, जन्म १२ मे १९३३. ते आधी टेनिस खेळत, मग बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायातली सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. जुलै २०२१ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्याविषयी बोलताना लोकांना त्यांचा एकेरीतला नजाकतीचा खेळ आठवतो. पण राष्ट्रीय विजेतेपदांचा हिशेब मांडला तर एकेरीची सहा, दुहेरीची सहा आणि मिश्र दुहेरीची पाच भरतात. म्हणजे सतरापैकी अकरा वेळा त्यांच्या शेजारी कुणीतरी उभं होतं. सांगलीच्या हौशी खेळाडूने अभिमानाने सांगावा असा हा आकडा आहे.

आता कागदाकडे वळू. आठ जणांच्या जोड्या एकूण 28 होतात. प्रत्येक सामन्यात दोन जोड्या खर्च होतात, म्हणून सामने 14. दोन कोर्टवर सात फेऱ्यांत ते संपतात. प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर एकदाच भिडू म्हणून खेळावं आणि प्रत्येकाच्या विरुद्ध बरोबर दोनदा, अशी मांडणी जमते का? जमते, आणि ती पाठही करता येते. खेळाडूंना एक ते आठ नंबर द्यावेत. पहिल्या फेरीत एका कोर्टवर आठ आणि सात विरुद्ध चार आणि पाच, दुसऱ्या कोर्टवर एक आणि तीन विरुद्ध दोन आणि सहा. पुढच्या फेरीला आठ नंबर जागेवरच राहतो, बाकी प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा, आणि सातनंतर पुन्हा एक. म्हणजे दुसऱ्या फेरीत आठ आणि एक विरुद्ध पाच आणि सहा, शेजारी दोन आणि चार विरुद्ध तीन आणि सात. असं सातव्या फेरीपर्यंत करत गेलं की एकही जोडी पुन्हा येत नाही. मोबाइलवर हे करून देणारी ॲप आहेत, पण वहीच्या पाठकोऱ्या पानावर ते पाच मिनिटांत होतं आणि भिंतीवर चिकटवलेला कागद सगळ्यांना एकदम दिसतो.

पाच जण आणि एकच कोर्ट असेल तर ते आणखी सोपं. पाच नंबर बसतो, एक आणि चार विरुद्ध दोन आणि तीन. मग प्रत्येकात एक मिळवत जायचं. पाच सामन्यांत प्रत्येक जण एकदाच बसतो आणि चौघांबरोबर एकेकदा खेळतो.

सहा किंवा सात जण आले की मात्र आयोजकाची पंचाईत होते. सहा जणांच्या जोड्या होतात 15, सात जणांच्या 21. दोन्ही आकडे विषम, आणि सामन्याला तर दोन-दोन जोड्या लागतात, त्यामुळे एक जोडी उरतेच. दहा (45 जोड्या) आणि अकरा (55) यांचीही तीच गत. आठ, नऊ, बारा, तेरा या संख्यांना हिशेब बिनचूक जमतो. चारने भाग जाणारी किंवा भागून एक उरणारी संख्या असेल तर अशी मांडणी नेहमीच शक्य असते, हे गणितज्ञांनी सिद्ध केलेलं आहे. ब्रिजच्या आधीचा व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांसाठी हा प्रश्न उभा राहिला, आणि १८९६ मध्ये अमेरिकन गणितज्ञ ई. एच. मूर यांनी त्यावर लिहिलं. म्हणून अशा वेळापत्रकाला आजही व्हिस्ट टूर्नामेंट म्हणतात. तेव्हा सात जण जमले तर एखाद्या शेजाऱ्याला फोन करून उठवावं, हा सल्ला गणिताला धरूनच आहे.

या विद्येत एक मराठी नाव फार मोठं आहे. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, सागरचा. पुढे ते मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. १७८२ मध्ये ऑयलरने मांडलेलं एक अनुमान पावणेदोनशे वर्षं टिकून होतं. सहा पलटणी आणि सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एकेक, असे छत्तीस अधिकारी घ्यायचे. सहा बाय सहाच्या चौकोनात ते असे उभे करायचे, की कुठल्याही आडव्या किंवा उभ्या रांगेत पलटण दुबार येऊ नये आणि हुद्दाही दुबार येऊ नये. सहाला हे जमत नाही, म्हणून दहा, चौदा, अठरा यांनाही जमणार नाही, असं ऑयलरचं म्हणणं होतं. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ते खोटं ठरवलं. दोन आणि सहा सोडले तर सगळीकडे जमतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली होती. श्रीखंडे २०२० मध्ये, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेले.

याचा बॅडमिंटनशी थेट संबंध आहे. नवरा-बायकोंच्या जोड्या खेळायला येतात तेव्हा मिश्र दुहेरी अवघड होऊन बसते. सोडलेल्या एका फुलावरून, म्हणजे शटलकॉकवरून, कोर्टवर सुरू झालेली कुरबुर स्वयंपाकघरापर्यंत जाते. म्हणून अशी मांडणी हवी, की कुणीही आपल्या जोडीदाराच्या बाजूने खेळणार नाही आणि विरुद्धही नाही. बाकी प्रत्येक स्त्री-पुरुष मात्र एकदा एका बाजूला आणि एकदा समोरासमोर येतील, आणि पुरुष-पुरुष, स्त्री-स्त्री एकेकदाच समोरासमोर येतील. १९७०च्या दशकात या मांडणीचा पूर्ण उलगडा झाला. ती ऑयलरच्या चौकोनांच्याच जातीतून निघते. पाच जोडप्यांना दहा सामने, सात जोडप्यांना एकवीस. न जमणाऱ्या संख्या तीनच, दोन, तीन आणि सहा. ऑयलरचा सहा इथेही आडवा येतो.

गणिताइतकाच महत्त्वाचा आहे तो या कागदाचा सामाजिक उपयोग. लहान शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात. एखाद्या बाईने स्वतः जाऊन ‘सर, आज तुमच्याबरोबर खेळू का?’ म्हणायचं, तर तिला दहादा विचार करावा लागतो. कॉलेजातल्या मुलाला साहेबांच्या बाजूला उभं राहायची भीड वाटते. कागदावर नंबर आला की विचारायचा प्रश्नच राहत नाही. कुणाचा मान जात नाही आणि कुणावर उपकारही होत नाहीत. चांगल्या खेळाडूला नवख्याला सांभाळून गुण काढावे लागतात. नेटजवळ कधी पुढे जायचं, कधी त्याला पुढे करून आपण मागची बाजू धरायची, हे सात वेगवेगळ्या माणसांबरोबर सात वेळा नव्याने शोधावं लागतं. ठरलेल्या पार्टनरबरोबर वर्षानुवर्षं खेळून हे शिकायला मिळत नाही.

ज्यांना चुरस जास्त हवी त्यांच्यासाठी ‘मेक्सिकानो’ आहे. पहिली फेरी चिठ्ठ्या टाकून होते. नंतर दर फेरीला गुणांची उतरंड बघून चौघांचे गट पाडायचे आणि पहिला-चौथा विरुद्ध दुसरा-तिसरा अशी जोड लावायची. मैदानातला पंच नजरेने करतो तेच काम इथे आकडे करतात. सामने अटीतटीचे होतात हे खरं. पण खालच्या चौघांची वरच्या चौघांशी गाठ मग फारशी पडत नाही. नवखे जास्त असलेल्या गटाने अमेरिकानोच धरावी.

बाकी तयारी किरकोळ वाटते, पण स्पर्धा तिथेच फसते. फुलाचंच बघा. विरळ हवेत फूल जोरात पळतं. त्यामुळे सांगलीत बेताचं पडणारं फूल बाराशे-तेराशे मीटर उंचीवरच्या पाचगणीत मागच्या रेषेबाहेर जाऊ शकतं. पिसांच्या फुलांच्या डब्यावर वेगाचा आकडा असतो. उंचावर खेळायचं तर कमी वेगाचं फूल घ्यावं. फुलांची वर्गणी सर्वांना सारखी ठेवता येते, कारण सगळे सारखेच सामने खेळतात. दोन कोर्ट एकदम सुरू आणि एकदम बंद व्हायला हवीत, नाहीतर लवकर संपलेले चौघं ताटकळत बसतात. बेरीज बरोबरीत सुटली तर त्या दोघांचे आपसातले दोन सामने बघावेत. आठ जणांच्या मांडणीत प्रत्येक जण प्रत्येकाविरुद्ध नेमका दोनदाच खेळलेला असतो, म्हणून ही कसोटी सगळ्यांना सारखी लागू पडते.

पिकलबॉल खेळणाऱ्यांनाही हाच कागद चालतो. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जन्मलेला हा खेळ भारतात आणला तो सुनील वालावलकर यांनी. त्याचं कोर्ट 44 बाय 20 फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच. नेट मात्र मधोमध 34 इंचांवर आणावं लागतं. नेट खाली घेतलं की गुडघे दुखणारी, बॅडमिंटन सोडून दिलेली मंडळीही त्याच हॉलमध्ये परत येऊ शकतात.

त्यांच्यासाठी त्या आठांच्या कागदात एक सोय आहे. बाकीचे सात जण फेरीगणिक इकडून तिकडे होत राहतात, आठ नंबरला मात्र कोर्ट बदलावं लागत नाही. तो नंबर गटातल्या सगळ्यात वयस्कर काकांना किंवा पहिल्यांदाच आलेल्या ताईंना द्यावा. त्यांनी आपल्या जागी उभं राहावं. सात फेऱ्यांत हॉलमधला प्रत्येक जण एकदा त्यांच्या बाजूला येऊन खेळून जातो.