हलतो तो लघुग्रह

काळा दगड, उबदार दगड

पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांपैकी कित्येक कोळशासारखे काळे असतात. अंगावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम विसावा भाग ते परावर्तित करतात, म्हणून साध्या दुर्बिणींना चकवतात. पण उरलेल्या उन्हाने ते तापतात आणि ती ऊब अवरक्त किरणांतून बाहेर पडते. हेच किरण टिपायला ‘नासा’ने डिसेंबर २००९ मध्ये ४० सेंटीमीटरची दुर्बीण घेऊन ‘वाईज’ उपग्रह सोडला. काही काळ बंद ठेवलेला हा उपग्रह २०१३ मध्ये ‘निओवाईज’ म्हणून पुन्हा कामाला लागला.

एका चित्रावर भरवसा नाही

चित्रात लघुग्रह म्हणजे काही पिक्सेलचा पुसट ठिपका. तारेही ठिपकेच. त्यात संवेदकावर वैश्विक किरण आदळला, की तसाच आणखी एक ठिपका उमटतो. निकष सैल ठेवला तर खोटे ठिपके बेसुमार, कडक केला तर खराच निसटतो.

छाननी अशी होते

- निओवाईज दर ११ सेकंदांनी एक चित्र घेई. सुमारे ९५ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत आकाशाचा तोच पट्टा पुन्हा समोर येई.
- सगळ्या चित्रांत जागच्या जागी दिसणारे ठिपके तारे समजून वगळायचे.
- उरलेल्यांपैकी दोन जोडले, की दिशा आणि वेग कळतो. त्यावरून पुढच्या चित्रातली जागा काढायची आणि तिथे ठिपका आहे का ते पाहायचे.
- कोणतेही दोन ठिपके रेषेने जोडता येतात, म्हणून निदान पाच नोंदी जुळाव्या लागत. वैश्विक किरणांचे ठिपके इथेच गळतात.

ठिपका फारच पुसट असेल तर?

मग आधी मार्ग गृहीत धरायचा. त्या वेगाने चित्रे सरकवून एकावर एक रचायची. नॉइज, म्हणजे चित्रातली अनियमित खरखर, विखुरलेला राहतो, लक्ष्याचा प्रकाश मात्र एकाच जागी साठतो. १६ चित्रे रचली तर लक्ष्य नॉइजच्या तुलनेत सुमारे ४ पट ठळक होते. खरा वेग ठाऊक नसल्याने असंख्य वेग तपासावे लागतात; संगणकाचा घाम निघतो तो इथेच.

हाती काय लागले?

जुलै २०२० मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसलेला निओवाईज धूमकेतू याच उपग्रहाने २७ मार्च २०२० रोजी शोधला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये उपग्रहाचे काम थांबले. त्याची जागा घेणारी ‘निओ सर्व्हेअर’ ही ५० सेंटीमीटरची अवरक्त दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे.