फवारणी पंपाची बॅटरी का तापते? लिथियम सेल घेताना आणि चार्जिंगला लावताना एवढं बघा

सध्या तुरीवर फवारण्या चालू आहेत, हरभऱ्याला आणि गव्हाला रात्रीची दारं धरायला जावं लागतं, आणि वेचलेला कापूस भावाची वाट बघत घरातच पडून आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की एक धोका तयार होतो, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. पंपाची बॅटरी आणि डोक्याला बांधायची टॉर्च आपण रात्री चार्जिंगला लावतो. बोर्ड असतो त्या खोलीत. आणि त्याच खोलीत कापसाचा ढीग असतो.

पाच-सात वर्षांपूर्वी बहुतेक पंपात 12 व्होल्ट 8 अँपिअरची शिशाची बॅटरी यायची. वजनाला अडीच किलोच्या घरात. पाठ दुखायची, पण ती बॅटरी सहसा पेट घेत नव्हती, फार तर फुगायची. आता दुकानदार लिथियमची देतात. हलकी आहे, लवकर चार्ज होते, टाक्याही जास्त निघतात. लिथियमला माझा विरोध नाही, माझ्याही पंपात तीच आहे. पण शिशाच्या बॅटरीला जी हयगय चालून जायची, ती हिला चालत नाही.

ही लिथियमची बॅटरी उघडली तर आत बोटाएवढ्या नळकांड्या दिसतात. त्याला 18650 सेल म्हणतात. जाडी 18 मिलिमीटर, लांबी 65 मिलिमीटर, म्हणून हा आकडा. हाच सेल तुमच्या टॉर्चमध्ये आहे, जुन्या लॅपटॉपमध्ये आहे, आणि परदेशात लोक ओढतात त्या मोठ्या पॉवरच्या ई-सिगारेटमध्येही आहे. आपल्याकडे ई-सिगारेट विकणं, साठवणं 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे, ते सोडा. पण त्या नळीने एक धडा दिला आहे. अमेरिकेच्या अग्निशमन खात्याने 2009 ते 2016 या काळात ई-सिगारेट पेटल्याच्या किंवा फुटल्याच्या 195 घटना मोजल्या. त्यातल्या बऱ्याच वेळा ती खिशात होती, हातात होती किंवा चार्जिंगला होती. 2021 मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने असे सुटे 18650 सेल विकत घेऊन वापरू नका असा इशाराच दिला. आपल्या आठवडी बाजारात मात्र हेच सुटे सेल टोपलीत मांडून मिळतात.

तापते कशाने?

सेलमधून करंट ओढला की आतल्या अडथळ्यामुळे उष्णता होते. करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. साधा सिंगल मोटरचा पंप 2 ते 4 अँपिअर घेतो, डबल मोटरचा त्याहून जास्त. चांगल्या सेलला हे काहीच नाही. पण सेल जुना असेल, लॅपटॉपमधून काढून नवं कातडं चढवलेला असेल, तर त्याचा आतला अडथळा वाढलेला असतो. मग तेवढ्याच करंटला तो भाजून निघतो.

कधी कधी दोष बॅटरीचा नसून पंपाचा असतो. फवारणी झाली की आपण टाकी उपडी करून ठेवून देतो. औषधाची पावडर मोटरच्या डायफ्राममध्ये, गाळणीत, नोझलमध्ये वाळते. दुसऱ्या दिवशी मोटर जड फिरते आणि जास्त करंट ओढते. नोझल तुंबल्यावर मोटर आपोआप बंद करणारा जो प्रेशर स्विच असतो, तो चिकटला असेल तर मोटर नुसती कण्हत राहते आणि वायर गरम होतात. म्हणून शेवटच्या टाकीनंतर दोन-तीन लिटर साधं पाणी फवारून पंप धुवा. बॅटरीचा कप्पा टाकीच्या खालीच असतो, तिथे औषधाचं किंवा विद्राव्य खताचं पाणी झिरपलं तर तेही दोन टोकं जोडू शकतं. खताचं पाणी साध्या पाण्यापेक्षा करंट चांगला वाहून नेतं. कप्प्याचं झाकण काढून महिन्यातून एकदा बघा, हिरवट-पांढरी बुरशी दिसते का.

आणि फ्यूज. खूप पंपात तो नसतोच, किंवा जळाला की त्याला चांदी गुंडाळतात. बॅटरीच्या लाल वायरमध्ये, बॅटरीच्या जवळ, मोटारसायकलला लागतो तसला साडेसात किंवा दहा अँपिअरचा फ्यूज बसवा. दहा-वीस रुपयांचं काम आहे. वायर कुठे घासून उघडी पडली तर आधी तो जाईल, बॅटरी नाही.

चार्जर बदलला की घोळ होतो

माझ्या मते गावात सगळ्यात जास्त धोका इथे आहे. पंपाच्या बॅटऱ्या तीन प्रकारच्या आहेत, तिन्हीवर "12 व्होल्ट" असंच लिहिलेलं असतं, आणि तिन्ही चार्जरची पिन एकमेकांत बसते.

शिशाच्या बॅटरीचा चार्जर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट देतो. 18650 सेलच्या बॅटरीत तीन-तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, म्हणजे तिघांचे 12.6. तिला 12.6 चाच चार्जर लागतो. तिसरी ती लिथियम फॉस्फेटची, तिच्यात चार सेल असतात आणि ती 14.6 वर भरते. आता 12.6 च्या बॅटरीला जुन्या पंपाचा 14.4 चा चार्जर लावला तर काय होईल? आत एक छोटी सर्किट पट्टी असते, तिला बीएमएस म्हणतात, ती करंट तोडते आणि बॅटरी वाचते. पण स्वस्त बॅटरीत ती पट्टी हलकी असते, आणि काहींत नसतेच. मग सेल गरजेपेक्षा जास्त भरतो, आतून तापतो, ती उष्णता आणखी उष्णता तयार करते, आणि ते थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही.

उपाय सोपा आहे. चार्जरच्या मागे "आउटपुट" समोर जो आकडा आहे तो वाचा. बॅटरीवरच्या आकड्याशी जुळतो का बघा. घरात दोन पंप असतील तर चार्जरवर आणि बॅटरीवर एकाच रंगाचा ऑइलपेंट लावून टाका, म्हणजे पोरगं लावायला गेलं तरी चुकणार नाही.

विकत घेताना तराजू घेऊन जा

टॉर्चच्या सेलवर 6800, 9900, कधी कधी 12000 एमएएच असे आकडे छापलेले असतात. ही सरळ लबाडी आहे. या मापाच्या सेलमध्ये नामांकित कंपन्यासुद्धा साधारण 2000 ते 3500 पर्यंतच बसवतात. नळकांडीत जागाच तेवढी आहे. 9900 लिहिलेल्या सेलमध्ये कधी कधी हजारसुद्धा निघत नाही. खऱ्या सेलचं वजन 45 ते 50 ग्रॅम भरतं. सोनाराच्या नाहीतर किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा, 30-32 ग्रॅम आलं तर परत द्या.

हाच हिशोब पंपाच्या बॅटरीला लावा. 12 अँपिअरची बॅटरी 2000 एमएएचच्या सेलने बनवायची तर एका रांगेत 6, अशा 3 रांगा, म्हणजे 18 सेल लागतात. नुसत्या सेलचंच वजन 800 ग्रॅमच्या वर गेलं. महागातला 3500 चा सेल घातला तरी 12 सेल लागतात, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम. मग 12 अँपिअर लिहिलेली बॅटरी चारशे ग्रॅमची कशी असेल? लिथियम फॉस्फेटची 12 अँपिअरची असेल तर ती एक किलोच्या वरच भरायला हवी.

दोन्हीतलं कोणतं घ्यावं असं विचाराल तर मी फॉस्फेटचं सांगेन. थोडी जड आहे, पण ती तापून भडकण्याची शक्यता बरीच कमी असते, आणि टिकतेही जास्त वर्षं. पंप पाठीवर असतो, कमरेपासून वीतभर अंतरावर. तिथे हलक्यापेक्षा थंड बरी.

जास्त एमएएच म्हणजे चांगला सेल, हाही एक गैरसमज आहे. ज्या सेलमध्ये साठा जास्त, तो साधारणपणे एका वेळी करंट कमी देतो. ज्याला जोरात करंट द्यायचा असतो, त्याचा साठा कमी असतो. डबल मोटरच्या पंपाला किंवा मोठ्या झोताच्या टॉर्चला साठ्याइतकाच करंटचा आकडाही महत्त्वाचा, दुकानदाराला तो विचारा. नुसता हसला तर दुकान बदला.

बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण, "आयएस 16046" आणि आर ने सुरू होणारा नंबर असायला हवा. तो नंबर मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या कंपनीचा आहे ते दिसतं. दुकानात उभं राहूनच टाका.

चार्जिंगला कुठे लावायची

कापूस, कडबा, पेट्रोलची बाटली, औषधाचे डबे यांच्यापासून लांब. गादीवर, उशीखाली, पोत्यावर नाही. फरशीवर किंवा दगडावर ठेवा, आजूबाजूला हातभर जागा मोकळी. ओसरी त्यातल्या त्यात बरी, फक्त पाऊस आणि ऊन नको. लाईट रात्री बारालाच येते, मान्य आहे. पण मग बॅटरी रात्री लावून झोपण्यापेक्षा सकाळी उठल्यावर लावा. लिथियम तीन-चार तासांत भरते.

शेतातून आल्या आल्या लगेच लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. सेल 45 अंशांच्या वर तापलेला असताना चार्ज करायचा नसतो. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं तापमान बॅटरी न वापरताच होतं. चार्ज होताना कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर काढा, आणि पुन्हा लावू नका.

सुटा सेल खिशात टाकायची सवय पोरांना असते. त्याच खिशात चावी, नाणी असतात. चावी दोन्ही टोकांना टेकली की सेल काही क्षणांत चटका देण्याइतका तापतो. सेलवरचं प्लास्टिकचं कातडं फाटलं असेल तर तो वापरू नका, कारण आतलं सगळं भांडं हे ऋण टोकच असतं.

हंगाम संपल्यावर लिथियमची बॅटरी निम्मी भरून ठेवायची, आणि शिशाची पूर्ण भरून. दोन्हीला एकच नियम लावला की एक तरी खराब होते. सहा-आठ महिने पार रिकामी पडलेली लिथियम बॅटरी थेट दुसऱ्या बॅटरीने "झटका देऊन" जागी करणारे कारागीर आहेत. तसं करू नका. आत तांबं विरघळून भलत्या जागी बसलेलं असतं, आणि ती चार्ज होताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकते.

पेटलीच तर

गोडसर, नेलपॉलिशसारखा वास, फुस्स आवाज, धूर, यातलं काहीही जाणवलं तर आधी मेन स्विच पाडा. बॅटरी हातात धरू नका. तो धूर विषारी असतो, म्हणून पोरं आणि म्हातारी माणसं आधी बाहेर. मेन बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी मारत राहा. तांब्याभर नाही, बादल्याच्या बादल्या. पाण्याने बॅटरी थंड होते, तेच महत्त्वाचं आहे. पाणी हाताशी नसेल तर माती, वाळू टाका, म्हणजे निदान आजूबाजूचं पेटणार नाही. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, ती उघड्यावर, घर-गोठ्यापासून लांब राहू द्या. अंगावर भाजलं तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. 108 ला फोन करा.

खराब झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, आणि तिथे कचरा जाळत असाल तर अजिबातच नको. शिशाच्या बॅटरीचे भंगारवाला पैसे देतो, म्हणून ती कधी उकिरड्यावर दिसत नाही. लिथियमची कुणी घेत नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही कंपनीची जबाबदारी आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, आणि नवीन घ्यायला जाल तेव्हा जुनी त्याच दुकानात ठेवून या. दुकानदार नाही म्हणाला तर त्याला हा नियम सांगा.