तोंडाची चव आणि झिंकची गोळी



भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर तंबाखू आणि मिस्रीची सवय जुनी आहे. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे जे रुग्ण आम्हांला भेटतात, त्यांपैकी पुष्कळांना ही सवय असते. त्यांच्यासाठी मदत पाठवताना आपल्यापैकी काहींनी विचारले, "चव परत यावी म्हणून झिंकच्या गोळ्या पाठवू का?" प्रश्न प्रेमाचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

या रुग्णांना रेडिएशन बहुधा आठवड्यातून 5 दिवस, असे 6 ते 7 आठवडे देतात. हे किरण गाठीबरोबर जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींनाही इजा करतात. एरवी या पेशी साधारण 10 दिवसांत नव्याने तयार होतात. उपचार चालू असताना त्यांना तेवढी उसंत मिळत नाही. लाळही आटते. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून भाकरी मातीसारखी लागते आणि रुग्ण ताट बाजूला सारतो.

शरीरात झिंक कमी असले तर चव मंदावते, हे खरे. म्हणून झिंकने गुण येईल असे वाटले. 1998 साली इटलीतील 18 रुग्णांच्या छोट्या अभ्यासात तसे दिसलेही. पण 2007 साली अमेरिकेतील 169 रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना झिंक, काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली होती. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही.

आशाताई जुलाब झालेल्या बाळाला 14 दिवस झिंक देतात, त्यामुळे ही गोळी घरोघरी ओळखीची आहे. बाळाच्या जुलाबावर तिचा उपयोग होतो. म्हणून रेडिएशनच्या रुग्णाला ती लागू पडेल असे नाही. उलट झिंकने मळमळ होऊ शकते, आणि जास्त मात्रा फार दिवस घेतली तर शरीरातले तांबे कमी होते. डॉक्टरांनी कमतरता पाहून लिहून दिली, तरच ती घ्यावी.

मग करायचे काय? एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खायचा सोडा घालून जेवणाआधी चूळ भरावी, पाणी गिळू नये. तिखट टाळावे. जेवण गरम नको, कोमट किंवा गार द्यावे. नाचणीची पेज, मऊ भात-मुगाचे वरण, त्यात फेटून शिजवलेले अंडे, शेंगदाण्याचा बारीक कूट, असे थोडे थोडे दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. चव नसली तरी पोटात अन्न गेले पाहिजे. वजन फार उतरले तर चेहऱ्याच्या मापाने बनवलेला रेडिएशनचा मुखवटा सैल होतो आणि तो पुन्हा करावा लागू शकतो. अशक्तपणामुळे उपचारात खंड पडला, तर बरे होण्याची आशाही कमी होते.

बहुतेकांची चव उपचार संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू परत येते, काहींची पूर्णपणे येत नाही. घरच्यांना हे आधीच सांगितले, तर "नखरे करतो" असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा गोळ्यांऐवजी अंडी, मूगडाळ, शेंगदाणे यांसाठी मदत द्या. आणि या घरांसाठी प्रार्थना करत राहा.