बारवेच्या भिंतीतला पिंपळ

जालना जिल्ह्यातल्या अंबडचं नाव निघालं की आधी मत्स्योदरी देवी आठवते, मग खंडोबा, आणि मग गावातली पुष्करणी. खंडोबाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. पुष्करणीही त्यांचीच म्हणून सांगतात. ३१ मे २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. त्याआधी ६ मे रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्या जन्मगावी चौंडीत भरली आणि त्यांच्या काळातले ३ तलाव, १९ विहिरी, ६ घाट आणि ६ कुंड अशा ३४ जलाशयांच्या जतनासाठी ७५ कोटी रुपये मंजूर झाले. चांगलंच झालं. पण मराठवाड्यातल्या बारवांचा गाळ त्याच्या कितीतरी आधीपासून निघायला लागला होता, आणि तो काढणाऱ्यांना कुणी हजेरी दिली नव्हती. त्या खटाटोपाकडे आता जरा मागे वळून बघायला हवं.

बारव ओस पडली ती नळ आले म्हणून, असं आपण सरसकट म्हणतो. ते अर्धंच खरं. बारवेचं वैभव म्हणजे तिच्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांनीच तिचा घात केला. नारूचा रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायचा, पायावरच्या फोडातून अळ्या पाण्यात जायच्या, आणि तेच पाणी गाव प्यायचं. १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नारू असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी धोक्याच्या ठरल्या. कुठे पायऱ्या बंद झाल्या, कुठे बारवेवर कठडा बांधून तिचा आड केला. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तोवर १९७२ च्या दुष्काळापासून सुरू झालेली बोअरची घरघर वाडीवस्तीपर्यंत पोचली होती. नारू गेला, पण माणसं बारवेकडे परतली नाहीत. मग तिथे निर्माल्य आलं, लग्नाच्या पत्रावळ्या आल्या, फुटक्या तसबिरी आल्या. काठाला वेडी बाभूळ माजली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या, गावांनी श्रमदानाने पाणी अडवायच्या वॉटर कप स्पर्धेची पहिली फेरी झाली. तिच्यातल्या तीन तालुक्यांत एक मराठवाड्यातलं अंबाजोगाई होतं. श्रमदान हा शब्द शाळेच्या फळ्यावरून उतरून पुन्हा कुदळी-फावड्यांच्या हाती आला. २०२० च्या सुमारास रोहन काळे या मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या तरुणाने मोटरसायकलवर राज्य पालथं घालून बारवांची नोंद करायला घेतली. नकाशावर बारवा दिसायला लागल्या तशी गावोगावची पोरं पुढे आली. महाशिवरात्रीला साफ केलेल्या बारवांत पणत्या लागल्या. जालन्याशेजारच्या परभणी जिल्ह्यात वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळातून मोकळी केली. मार्च २०२२ च्या 'मन की बात'मध्ये काळे यांच्या कामाचा उल्लेख झाला.

गाळ उपसणं फोटोत छान दिसतं. साखळीने माणसं उभी, घमेली हातोहात वर, शेवटी सगळ्यांचे चिखलाने माखलेले चेहरे. अवघड काम पुढचं, आणि ते झाडांचं. पाखरू पिंपळाचं किंवा उंबराचं फळ खातं आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात बी टाकून जातं. पहिल्या पावसाळ्यात बोटाएवढं रोपटं दिसतं. पाच-सात वर्षांत मूळ मनगटाएवढं होतं आणि हातभर लांबीचा चिरा जागचा हलवतं. ते उपटायला गेलं की मुळाने कवटाळलेला दगडच खाली येतो. नुसतं छाटलं तर खुंटाला चौपट फुटवा. जाणती माणसं आधी फांद्या उतरवतात, मग खोड कापतात, मूळ जागच्या जागी मारून वाळू देतात आणि नंतर त्या पोकळीत दगडी चिपा ठोकून बसवतात. त्यात पिंपळ तोडायचा म्हटलं की गावात दहा जण अडवायला उभे. त्यांचंही चुकत नाही; रोप अलगद निघालं तर ते काठापासून लांब, गायरानात लावावं, म्हणजे वादही मिटतो आणि सावलीही मिळते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वुडलँड्स या १८४० च्या दफनभूमीत याच्या उलट चाललं आहे. तिथे जुन्या थडग्यांना दगडी कड असते आणि मधली जागा फुलझाडांसाठी मोकळी ठेवलेली. पिढ्या सरल्या, वाफे ओसाड झाले. २०१६ पासून स्वयंसेवक एकेक थडगं दत्तक घेऊन त्यात त्या काळातलीच झाडं लावतात आणि खाली कोण निजलंय याचा कागदोपत्री शोधही घेतात. तिथे लावणं हीच दुरुस्ती, इथे उपटणं. गंमत अशी की ही दफनभूमी ज्याच्या बागेत उभी राहिली, त्या विल्यम हॅमिल्टनने अठराव्या शतकात आपल्या महारुखाचा चिनी चुलतभाऊ हौसेने अमेरिकेत आणला. आज तेच झाड तिकडच्या भिंती फोडतं!

आपल्याकडच्या उत्साहाचेही तोटे झाले, ते झाकून चालणार नाही. पंप लावून एका दिवसात सगळं पाणी उपसलं की भिंतीचा आधार जातो आणि मागची ओली माती चिरे पुढे ढकलते. जेसीबी काठाशी आणला की वरचा थर खचतो. सांध्यांत सिमेंट भरणं तर सगळ्यात वाईट. कित्येक बारवा चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवून रचलेल्या आहेत. झऱ्याचं पाणी त्या सांध्यांतूनच आत येतं. ते सांधे बुजवले की बारव दिसायला चकचकीत आणि पाण्याला कोरडी. देवळ्यांना ऑइलपेंट फासणाऱ्यांना तर काय म्हणावं? शिवाय राज्य संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय चिऱ्याला हात लावता येत नाही. ही परवानगी अनेकांना कटकट वाटते. मला ती बारवेच्या जिवाची राखण वाटते.

आता सरकारी पैसा येईल, निविदा निघतील, ठेकेदार येतील. फरशी बसेल, दिवे लागतील, फलकही लागेल. पण दरवर्षी पावसाळा येणार आणि पाखरं बी टाकणार, त्याची निविदा निघत नाही. तेव्हा अंबडकरांना आणि ज्यांच्या गावात बारव आहे त्या सगळ्यांना एवढंच सांगणं आहे: दसरा ते दिवाळीच्या मधला एक रविवार काढा, खुरपं घेऊन उतरा आणि सांध्यातलं रोपटं बोटाएवढं असतानाच काढा. दोराला बांधून घेतल्याशिवाय मात्र भिंतीवर चढू नका.