क्लॅम्प सुटताना

चरबी चढलेलं लिव्हर नजरेला लगेच ओळखू येतं. निरोगी लिव्हर तांबूस तपकिरी, कडा धारदार. याचा रंग पिवळट, कडा बोथट. वेल्ह्याकडचा एक तरुण वडिलांना आपल्या लिव्हरचा उजवा भाग देणार होता. घरची भातशेती, पण नोकरी शिरवळच्या कंपनीत: रात्रपाळी, बसून काम, बाहेरचं खाणं. भोरच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. तीस टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे मोठे थेंब असले, की सर्जन सहसा दाता नाकारतात.

आहारतज्ज्ञ ताईंनी साखर, तळण, दारू बंद केली, भात निम्म्यावर आणला, नाचणीची भाकरी लावली आणि रोज चालायला सांगितलं. तोरण्याच्या पायथ्याच्या पोराला चढण नवी नव्हती. चरबी उतरल्याचं तपासणीत दिसलं, तेव्हाच ऑपरेशनची तारीख मिळाली. माझ्या मते लिव्हरची निम्मी राखण इथंच झाली.

एवढा आटापिटा कशासाठी? काढलेला भाग थंड द्रावणानं धुऊन ४ अंशांच्या आसपास ठेवतात. प्राणवायू बंद असताना पेशींत सक्सिनेट साचतं. रक्त परतलं की ते भराभर जळतं आणि पेशींना पोळणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू सुटतात. उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढल्यावर बाधावं, तसंच हे. त्यात चरबीनं फुगलेल्या पेशी केशवाहिन्या चेपतात, रक्त सगळीकडे सारखं पोचत नाही.

मेंदूमृत दात्याच्या लिव्हरला आठवड्यांची तयारी कुठून मिळणार? त्यासाठी शरीराच्या तापमानाला रक्त फिरवत ठेवणारं यंत्र आहे. २०१८ साली 'नेचर'मध्ये आलेल्या युरोपातल्या चाचणीत त्यानं इजा निम्म्यावर आली, वाया जाणारी लिव्हरंही निम्म्यानं घटली. अशी यंत्रं सरकारी रुग्णालयांत यायलाच हवीत.

इकडे थिएटरात मुलाच्या लिव्हरची वडिलांच्या शरीरात जोडणी झाल्यावर आधी त्यात साचलेलं पोटॅशियम धुऊन काढलं. ते हृदयाला घातक. भूलतज्ज्ञ मॅडमनी कॅल्शियम, नॉरॲड्रिनलिनच्या सिरिंजा भरून ठेवल्या होत्या. "सोडतोय," सर्जन म्हणाले आणि पोर्टल व्हेनवरचा क्लॅम्प त्यांनी सावकाश सैल केला. प्रेशर घसरलं. मॅडमनी औषध दिलं, तसं ते सावरलं. फिकट लिव्हर कडेपर्यंत लाल होत गेलं. कुठं फिका डाग राहिलाय का, सर्जन उलटवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची इजा दाखवणारा रक्तातला आकडा, चढला. तो चढतोच, नंतर उतरू लागला. मुलाची नाचणी आणि चालणं मात्र सुटलेलं नाही. त्याचं उरलेलं लिव्हर अजून काही महिने वाढायचंय.